रुसायला एक माहेर

माझ्या सासूबाईंना देवाशी बोलायची रीत नाही, हे मी लग्न होऊन नांदूरघाटला आले त्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं आणि बीडला आईला फोन करून सांगितलंही होतं. आमचं माहेर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. आजोबा चर्चच्या पंचकमिटीत होते, वडील उपासनेत शास्त्रपाठ वाचायचे. प्रार्थना म्हणजे गुडघे टेकून, डोळे मिटून, आवाज अर्ध्यावर आणून करायची गोष्ट, असं मी लहानपणापासून शिकलेली. आधी देवाला चार मोठी विशेषणं लावायची, मग आभार मानायचे, मग क्षमा मागायची, आणि आपलं मागणं अगदी शेवटी, तेही घाईघाईत. पाहुण्याच्या घरी दुसऱ्यांदा भाजी मागावी तसं.

सासरी पहिल्याच पहाटे मला जाग आली ती अंगणातल्या बोलण्यानं. सासूबाई कुणाशी तरी मोठमोठ्यानं बोलत होत्या. मला वाटलं पाहुणे आलेत, सुनेला कुणी उठवलं नाही, आता हे आयुष्यभर ऐकून घ्यावं लागणार. पदर सावरत बाहेर धावले तर अंगणात त्या एकट्याच. चुलीवर पाण्याचं पातेलं, हातात जाळायच्या तुराट्या, आणि तोंड समोरच्या कडुनिंबाकडे.

"उठलास का बापा? उठलास म्हणा, तू कुठं झोपतूस," त्या सांगत होत्या. "हे बग, सून आली घरात. चांगली हाय. जराशी फुगीर हाय, पर हुईल नीट. भाकर तिला येत न्हाई, ते माझं मी बगते. तू तेवढं तिचं मन लागंल असं कर. आन् अभिमन्यूला दोन शब्द गोड बोलायची अक्कल दे. पोरगं बापावर गेलंय."

मग त्यांनी मला पाहिलं. दचकल्या नाहीत की थांबल्या नाहीत. "ही बग, आलीच," असं आधी त्याला सांगितलं आणि मग मला म्हणाल्या, "त्वांड धू बाई, च्या टाकते."

मी फुगीर आहे की नाही, यावर मी इथं काही बोलणार नाही. पण नव्या सुनेची कागाळी देवाकडे, तिच्यादेखत, आणि तीही इतक्या प्रेमानं करणारी सासू मी तोवर पाहिली नव्हती.

त्यांचं नाव छबुबाई. आमच्याकडच्या रीतीनं मी त्यांना आत्याबाई म्हणते. मूळच्या परळी तालुक्यातल्या धर्मापुरीच्या. आई-बाप त्यांना कळायच्या आत गेले, मामानं सांभाळलं. मामा वाईट नव्हता, पण त्याची स्वतःची लेकरं होती आणि घरात सगळंच बेताचं. लग्न झालं आणि त्याच दिवाळीला नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघाल्या. आमच्या भागात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला मुकादम टोळीत घेत नाही. टोळ्या निघायची वेळ दिवाळीची, म्हणजे लेकी माहेरी जायची वेळ. बाकीच्या पोरी निदान भाऊबीज उरकून ट्रकमध्ये बसायच्या. आत्याबाईंना कुणी बोलवायलाच नव्हतं, त्यामुळे त्या सगळ्यांच्या आधी बसायच्या आणि पुढची चांगली जागा धरायच्या. हे त्या हसत सांगतात. मला मात्र ते ऐकताना हसू येत नाही.

एका कारखान्याच्या तळावर त्यांच्या शेजारच्या पाचटाच्या कोपीत सगुणाबाई नावाची बाई होती. ती फडात उसाची मोळी बांधता बांधता कुणाशी तरी बोलत राहायची. आत्याबाईंना आधी वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग एकदा विचारलंच.

"कुणाशी बोलतीस गं?"

"बापाशी."

"तुझा बाप इथं कुठं आला?"

"इथंच हाय. तुझा बी हाय की."

येशूची गोष्ट सगुणाबाईनं हळूहळू, त्या हंगामभर सांगितली. पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं, की त्याच्या नात्यानं आपल्याला देवाला बाप म्हणता येतं, आणि बाप म्हटल्यावर मग लाजायचं कारण उरत नाही. ज्या पोरीला कुणाला बाप म्हणायला कधी मिळालंच नव्हतं, तिला तेवढं पुरलं. बाप्तिस्मा त्यांनी पुढं कैक वर्षांनी घेतला, पण बोलणं त्या फडातच सुरू झालं आणि नंतर कधी थांबलं नाही. थांबलं ते एकदाच, आणि तेच मला सांगायचं आहे.

रविवारी विजयमालाबाईंच्या पत्र्याच्या खोलीत आमची प्रार्थना भरते. विजयमालाबाई म्हणजे आमच्या छोट्याशा मंडळीच्या कर्त्या बाई. मोठ्या मायाळू, पण शिस्तीच्या. आत्याबाई उघड्या डोळ्यांनी प्रार्थना करतात हे त्यांना खटकायचं.

"छबुबाई, देवापुढं डोळे मिटावेत," त्या एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या.

"मिटले असते ओ ताई, पर सवय न्हाई. हातात कोयता आसताना डोळे मिटले तर बोटं ऱ्हातील का?"

"आता कुठं कोयता आहे तुमच्या हातात?"

"आता त्याच्याकडं बगून बोलायची सवय लागली," आत्याबाई म्हणाल्या. विजयमालाबाईंनी नाद सोडला आणि पुढचं गीत सांगितलं.

माझे सासरे, रामहरी मामंजी, हे आणखी वेगळं प्रकरण. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. शनिवारी मारुतीला तेल वाहायचे, बायकोच्या प्रार्थनेला कधी आडवे आले नाहीत आणि कधी बसलेही नाहीत. पण बायकोच्या देवाशी त्यांनी आपलं आपण एक नातं जोडून घेतलं होतं. तो हिचा बाप, म्हणजे आपण त्याचे जावई. एकदा हे ठरल्यावर त्यांना सगळं सोपं झालं.

"तुमी बी बोला की त्याच्याशी," आत्याबाई म्हणायच्या.

"लेकीनं मागायचं आसतंय," मामंजी तंबाखू मळत सांगायचे. "जावयानं मागितलं की इज्जत गेली. जावयाला न मागता द्यायचं आसतं, तुझ्या बापाला कळत न्हाई का एवढं?"

लाइट गेली की म्हणायचे, सांग तुझ्या बापाला, जावई घामानं भिजलाय. सोयाबीन चांगलं आलं की म्हणायचे, सासरा तसा मनानं मोठा हाय. गावभर ही थट्टा माहीत होती. दर तीन वर्षांनी अधिक महिना आला की तिला ऊत यायचा. आमच्याकडे तो धोंड्याचा महिना. सासुरवाडीचे लोक जावयाला बोलावतात, पुरणाचे धोंडे आणि अनारसे जेवू घालतात, कपडे करतात. मामंजींना जन्मात कधी असं बोलावणं आलं नाही. म्हणून आत्याबाई स्वतःच धोंडे करायच्या, ताट वाढायच्या आणि म्हणायच्या, "बापानं पाठिवलंय, खावा." मामंजी नवी टोपी घालून पाटावर बसायचे आणि पहिला घास घेऊन सांगायचे, "सासरेबुवांना म्हणावं, तूप कमी पडलं." मग आत्याबाई आणखी तूप वाढायच्या. मी लग्नानंतर पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन पोट धरून हसले आणि मग का कुणास ठाऊक, डोळे पुसले.

आमच्या जिल्ह्यात ओळखीशिवाय काम होत नाही, हे कुणाला सांगायला नको. दाखला असो, बदली असो, पोराची नोकरी असो, कुणीतरी शब्द टाकावा लागतो. त्यामुळे छबुबाईचं देव ऐकतो अशी बातमी पसरली तेव्हा लोकांनी त्याचा अर्थ आपल्या पद्धतीनं लावला. बायका दुपारच्या येऊन बसायच्या. माझ्या लेकीचं स्थळ बघायला सांगा, माझ्या म्हशीचं सांगा, नवऱ्याची दारू सोडवायला सांगा. आत्याबाई सगळ्यांसाठी प्रार्थना करायच्या, पण प्रत्येकीला दटावायच्याही. "माझ्यासंगं तू बी बोल. बापाकडं जायला वशिला कशाला लागतोय?"

एका निवडणुकीच्या आधी खुद्द अर्जुनराव आले होते. गावचे पुढारी, त्यांच्या ओसरीवर सकाळपासून माणसं बसलेली असतात. आमच्या ओसरीवर ते बसले, चहा घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "छबुबाई, तुमच्या देवाकडं आपला जरा शब्द टाका."

"टाकते की. पर तुमीच बोला ना अर्जुनराव. सभेत तर लई बोलता."

"आवो, माझी त्याची ओळख न्हाई."

"मग करून घ्या. आमच्यावानी माणसाला भेटतो तर तुमाला कावून भेटंना?"

अर्जुनराव मोठ्यानं हसले, पण ओळख करून घ्यायचं काही त्यांनी मनावर घेतलं नाही. निवडून मात्र आले, आणि त्याचं श्रेय बरेच दिवस आत्याबाईंकडे जात राहिलं.

मग तो अधिक श्रावण आला. धोंडे झाले, तूप कमी पडल्याचं सांगून झालं. दोन-तीन दिवसांनी मामंजी ओसरीवर तंबाखू मळत बसले होते आणि त्यांच्या हातातून ती सांडली. उचलायला वाकले ते कलंडलेच. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, शब्द फुटेना. माझे यजमान अभिमन्यू यांनी शेजाऱ्याची जीप काढली आणि आम्ही त्यांना अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं.

तिथं आत्याबाईंनी खाटेशेजारी बैठक मारली आणि बोलायला सुरुवात केली. मामंजींचा हात हातात धरून, उघड्या डोळ्यांनी, तासन्‌तास. शेजारच्या खाटेवरची माणसं आधी बघायची, मग ऐकायला लागली. "बापा, ह्यांचं त्वांड सरळ कर. ह्यांनी मला जन्मात कवा शिवी दिली न्हाई, तुला म्हाईत हाय. थट्टा केली आसंल तुझी, पर ती लाडानं केली." विजयमालाबाईंचा फोन आला तेव्हा त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "काळजी करू नका ताई. माझा बाप मला न्हाई म्हणणार न्हाई."

ते ऐकून मला धडकीच भरली. माझ्या माहेरी प्रत्येक मागण्याच्या शेवटी ‘तुझी इच्छा असेल तर’ असं जोडतात. त्यात देवालाही सुटायला वाट राहते आणि आपल्यालाही. आत्याबाईंनी कुणालाच वाट ठेवली नव्हती. हे वाक्य विजयमालाबाईंकडून साऱ्या मंडळीत आणि तिथून साऱ्या गावात गेलं. छबुबाई म्हणाली म्हणजे रामहरी उठून बसणार, असं लोक एकमेकांना सांगू लागले.

रात्रभर त्या तशाच बसून होत्या. उजाडल्यावर अभिमन्यूनं फार आग्रह केला म्हणून घोटभर चहा प्यायला त्याच्याबरोबर खाली गेल्या. मी मामंजींजवळ बसले. दवाखान्यासमोरच्या टपरीवर चहा घ्यायला कितीसा वेळ लागतो? तेवढ्यात मामंजी गेले. आत्याबाई जिना चढून वर आल्या, दारातच माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. त्या रडल्या नाहीत. खाटेपाशी येऊन त्यांनी मामंजींच्या अंगावरची चादर नीट केली आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

अंत्यविधी भावकीच्या रीतीनं गावातच झाला. अर्जुनराव आले होते. मनातून हळहळलेले दिसत होते. मामंजींशी त्यांची जुनी ऊठबस होती. आत्याबाईंसमोर बसून ते म्हणाले, "शेवटी धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यानं जावयाला बोलावून घेतलंच म्हणायचं." धीर द्यायलाच म्हणाले बिचारे, आणि ऐकणाऱ्या चार बायकांनी मानाही डोलावल्या. पण मी आत्याबाईंकडे पाहत होते. त्यांचा चेहरा दार लावून घेतल्यासारखा बंद झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सवयीनं जागी झाले. चुलीवर पातेलं ठेवल्याचा आवाज आला, तुराटी मोडल्याचा आवाज आला. बोलण्याचा आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. लग्न झाल्यापासून त्या पहाटेच्या बडबडीनं माझी झोप मोडत होती, आणि त्याबद्दल मी अभिमन्यूचं डोकं खाल्लं होतं. आता ती बडबड नव्हती आणि मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून तिची वाट पाहत पडायची.

बायका यायच्या थांबल्या. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण ज्याचा शब्द चालत नाही त्याच्या ओसरीवर आमच्याकडे कुणी बसत नाही. विजयमालाबाई तेवढ्या येऊन गेल्या. देवाच्या इच्छेबद्दल चार चांगल्या गोष्टी बोलल्या. आत्याबाईंनी त्यांना चहा दिला आणि ऐकून घेतलं. त्या गेल्यावर मी म्हटलं, "आत्याबाई, बोला की त्याच्याशी." त्यांनी कप उचलले आणि मोरीकडे निघून गेल्या.

मला मामंजींचं दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर त्यापेक्षा मोठी भीती ही वाटत होती. या बाईला जन्मात एकच माहेर मिळालं होतं, तेही उसाच्या फडात. ते तुटलं असेल तर ती जगणार कशाच्या जोरावर? भाकरी अर्धीच खायच्या. भाऊबंद विचारायचे, कशा आहात, तर म्हणायच्या, बरी हाय. मी असं ‘बरी हाय’ त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं. एरवी कशा आहात विचारलं की त्या गुडघ्यापासून शेजारणीपर्यंत सगळं सांगायच्या.

एकच गोष्ट मला कळत नव्हती. रविवार चुकत नव्हता. रविवारी सकाळी त्या न्हायच्या, धुतलेलं लुगडं नेसायच्या आणि विजयमालाबाईंच्या खोलीत जाऊन खांबाजवळच्या आपल्या जागेवर बसायच्या. गाणं म्हणायच्या नाहीत. प्रार्थनेला ओठ हलवायच्या नाहीत. नजर जमिनीकडे. उपासना संपली की उठून घरी. असे तीन-चार रविवार गेले. शेवटी घरी परतताना मी रस्त्यातच विचारलं.

"आत्याबाई, बोलायचं नाही तर जायचं कशाला?"

"रुसलेय मी," त्या चालता चालता म्हणाल्या.

"रुसलाय तर घरी बसा."

"घरी बसून रुसले तर त्याला कसं दिसंल?" त्या थांबल्या. माझ्याकडे अशा पाहिलं, की एवढी शिकलेली सून आणि हिला हेही सांगावं लागतंय. "लेक रुसली की माहेरातच कोपरा धरून बसती. परक्याच्या दारात कुणी रुसतं का गं? मामाच्या घरी मला रुसायला आलं न्हाई कवा. तिथं रुसलं की भाकर बंद. गप गिळायचं आन् कामाला लागायचं. आता माझा बाप हाय, तर मी रुसते. त्याला कळू दे की, लेक बसलीय तोंड फुगवून."

मी तिथंच उभी राहिले. इतके दिवस मी समजत होते की यांचं माहेर तुटलं. आणि या तर दर रविवारी धुतलेलं लुगडं नेसून माहेरी रुसायला जात होत्या. माझ्या तीन पिढ्यांच्या घरात देवावर रुसायची कुणाची छाती झाली नव्हती. आम्ही फक्त विशेषणं वाढवायचो.

पण रुसवा किती दिवस चालणार? लेक रुसली की माहेरी कुणीतरी मध्ये पडतं, आई नाहीतर भावजय. आत्याबाईंच्या त्या माहेरात तसं कुणी दिसत नव्हतं, आणि त्यांचं अंग तर रोज थोडं थोडं वाळत चाललं होतं. भाद्रपद लागला. एका दुपारी अभिमन्यू केजला गेला होता आणि आम्ही दोघी ओसरीवर तूर निवडत बसलो होतो. नेहमी तूर निवडताना त्या देवाला गावाची बित्तंबातमी द्यायच्या. त्या दिवशी नुसता सुपाचा आवाज. मला ते सहन होईना. मी डोळे मिटले आणि सुरू केलं.

"हे सर्वसमर्थ, दयासागर, स्वर्गीय..."

पुढं काही येईना. चौथं विशेषण सापडेना आणि सापडलं असतं तरी त्याचा काही उपयोग नव्हता. शिवाय मांडीवरचं सूप कलत होतं. मी डोळे उघडले.

"बापा," मी म्हटलं. हा शब्द एकटा, असा उघडाबोडका, मी पहिल्यांदाच तोंडातून काढला होता. "मी दिपाली. छबुबाईंची सून. आत्याबाई नीट जेवत नाहीत. तुझ्याशी बोलत नाहीत, माझ्याशीही धड बोलत नाहीत. तू मामंजींना बरं केलं नाहीस म्हणून त्या तुझ्यावर रागावल्यात. त्यांचा राग घालव. मला त्यांची पहाटेची बडबड पाहिजे. घर खायला उठतं रे." ‘तुझी इच्छा असेल तर’ हे जिभेवर आलं होतं, ते मी गिळून टाकलं.

शेजारच्या सुपाचा आवाज थांबला.

"तसं न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

"काय?"

"तसं न्हाई ते. चुकीचं सांगायलीस त्याला."

"मग कसं सांगू?"

"बरं केलं न्हाई म्हून कोण रुसलंय? माणूस जातंयच की. मी काय न्हानी हाय का?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "हो तू बाजूला. तुला न्हाई सांगता यायचं."

आणि त्या अंगणातल्या कडुनिंबाकडे वळल्या.

"बापा, ती काय म्हणती तिकडं ध्यान देऊ नको. म्या रातभर तुझ्याशी बोलत बसलेते. ह्यांचा हात धरून बसलेते. न्यायचं व्हतं तर तवा न्यायचं, माझ्या म्होरं. मी भांडले आसते, रडले आसते, पर शेवटी दिला आसता की न्हाई त्यांना तुझ्या हातात? तू घोटभर च्या प्यायला धाडलंस मला आन् माझ्या माघारी नेलंस. चोरावानी. लेकीला इचारायचं बी न्हाई? जन्मभर जोडीनं फडात गेलो आमी. ते कवा एकटे गेले न्हाईत. आन् एवढ्या लांब एकटं धाडलंस त्यांना."

आवाज चढत चढत गेला आणि फुटला. दवाखान्यात न आलेलं रडू आता आलं. पण त्यातली एक गोष्ट चुकीची होती आणि ती मला माहीत होती.

"एकटे नव्हते आत्याबाई," मी म्हटलं. "मी होते."

त्या माझ्याकडे वळल्या. इतक्या दिवसांत त्यांनी मला हे विचारलं नव्हतं, आणि त्या विचारत नाहीत म्हणून मीही सांगितलं नव्हतं.

"काय केलं त्यांनी?" त्यांनी विचारलं.

"दाराकडे बघत होते. मी हात धरला होता. म्हटलं, आत्याबाई चहा घेऊन येतायत. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळखलं मला. हात एकदा घट्ट दाबला आणि सैल सोडला. त्रास काही झाला नाही."

"हात धरला व्हतास?"

"शेवटपर्यंत."

आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग पुन्हा कडुनिंबाकडे तोंड केलं, पण आता आवाज खाली आला होता, घरातल्या माणसाशी बोलताना असतो तेवढा.

"हिला बसवलं व्हतंस व्हय त्यांच्यापाशी," त्या म्हणाल्या. "मग ते मला आधी सांगायचं न्हाई का? उगी एवढे दिवस मला कोपऱ्यात बसवलंस."

मला वाटलं आता झालं. पण महिनाभराचं साठलेलं होतं. त्यांनी माझ्यापासून सुरुवात केली, की ही आज आपल्या मनानं बोलायला आलीय, चुकीमाकीचं बोलली तरी आयकून घे, शिकंल हळूहळू. मग अभिमन्यूचं काढलं, विजयमालाबाईंच्या गुडघ्याचं काढलं, अर्जुनरावांनी जे बोलू नये ते बोलल्याचं सविस्तर सांगितलं आणि तरी त्यांचं भलं कर म्हणाल्या. संध्याकाळ होईपर्यंत त्या बोलत राहिल्या, आणि सगळी तूर मी एकटीनं निवडली.